एक एस कमी

आमच्या घरात दोन फर्ग्युसन एकाच सालात शिरले. १९५५ च्या अक्षय्य तृतीयेच्या आगेमागे आबांनी राखी रंगाचा फर्ग्युसन ट्रॅक्टर दारात आणून उभा केला आणि जूनमध्ये धाकटे चुलते, म्हणजे नाना, पत्र्याची ट्रंक घेऊन पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गेले. मी तेव्हा पाळण्यात. त्यामुळं सुरुवातीचं सगळं ऐकीव, आणि ऐकवणारी माणसं एकाच गोष्टीच्या दोन तऱ्हा सांगणारी. आजी म्हणायची, ट्रॅक्टरच्या उत्साहात आबांनी नानाला पुण्याला धाडला. थोरले चुलते तात्या म्हणायचे, नानाला पुण्याला धाडायचं ठरलं तेव्हा मी रुसलो, आणि माझा रुसवा काढायला ट्रॅक्टर आला. दोन्ही खरं असेल. माझे वडील, दादा, मधले. त्यांना ना कॉलेज मिळालं ना ट्रॅक्टर, हिशेबाची चोपडी मिळाली. त्या चोपडीत ट्रॅक्टरची किंमत होती. ते पान वाळवीनं खाल्लंय.

गावात मात्र म्हण झाली होती, "पाटलाचं एक पोरगं फरगुसनवर बसलंय नि एक फरगुसनात."

दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. कॉलेजचे फर्ग्युसन म्हणजे मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जेम्स; १८८५ साली त्यांचं नाव कॉलेजाला दिलं. ट्रॅक्टरचे फर्ग्युसन म्हणजे हॅरी, आयर्लंडातल्या काउंटी डाउनमधल्या एका शेतकऱ्याचा मुलगा. नानांनी कॉलेजात गेल्या गेल्या पहिला शोध लावला तो हाच. त्यांचं पोस्टकार्ड आलं : 'तात्या, आमच्या फर्ग्युसनच्या स्पेलिंगमध्ये दोन एस आहेत, तुझ्या ट्रॅक्टरवर एकच आहे, बघून खात्री कर.' तात्या सातवी पास. त्यांनी खात्री केली आणि उलट टपाली लिहिलं, 'तुझ्या कॉलेजात जादा गेलेला एस आमच्या गिअरवर सापडला.'

ही नुसती थट्टा नव्हती, हे सांगायला हवं. त्या ट्रॅक्टरला स्टार्टरचं वेगळं बटण नव्हतं. गिअरची दांडी ज्या खाचेत सरकवली की इंजिन चालू व्हायचं, ती खाच म्हणजे एस, स्टार्टचा एस. दांडी त्या खाचेत असेल तेव्हा दुसऱ्या कुठल्या गिअरात असणं शक्यच नाही. म्हणजे चालू करताना गाडी उसळून कुणाच्या अंगावर जायची भीती नाही. इतकी साधी युक्ती. तात्यांचं ते पोस्टकार्ड नानांनी जपून ठेवलं होतं म्हणतात. मी काही पाहिलं नाही.

पण ट्रॅक्टरच्या आधीचं थोडं सांगते, नाहीतर आबांचा जीव त्या राखी पत्र्यात का अडकला ते कळायचं नाही.

आमचं गाव कृष्णाकाठी, कराडच्या खालच्या अंगाला. जमीन काळी, खोल, उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडणारी. तिची नांगरट म्हणजे तीन-चार जोड्यांचं काम. एकट्याच्या दावणीला एवढे बैल कुणाच्या? मग पैरा करायचा, नाहीतर इर्जिक घालायचं. ज्याचं रान त्यानं जेवण घालायचं, बाकीच्यांनी औतं घेऊन यायचं. आजी इर्जिकाच्या जेवणाचं वर्णन करायची तेव्हा ऐकणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटायचं : परातभर बाजरीच्या भाकरी, पातेलंभर रस्सा, खर्डा, कांदा, आणि माळकऱ्यांसाठी वेगळ्या चुलीवर पुरणपोळी नि कटाची आमटी. पहाटे तीनला चूल पेटायची. "तुमच्या आबाला आठ औतं दिसायची," ती म्हणायची, "मला आठ औतांमागची चोवीस तोंडं."

लोखंडी नांगरही आमच्याकडं सहजी आला नव्हता. किर्लोस्करवाडी आमच्यापासून फार लांब नाही. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंधच्या राजांनी दिलेल्या कुंडलजवळच्या माळावर कारखाना घातला. लोखंडी नांगर ते त्याच्या आधीपासून करत होते, पण लोखंडानं जमीन विषारी होते अशी लोकांची समजूत, त्यामुळं सुरुवातीचे नांगर घ्यायला गिऱ्हाईक मिळेना. आमच्या पणजोबांनी घेतला तेव्हा म्हणे पणजीनं बांधावर बसून रड काढली. पुढं तोच नांगर तिनं दसऱ्याला फुलं घालून पुजला. आमच्या घरातल्या बायकांचा आणि यंत्रांचा संबंध असाच राहिला, आधी रडायचं आणि मग पुजायचं.

पहिलं चाकाचं, म्हणजे खरं तर साखळीचं यंत्र आबांनी पाहिलं ते सरकारी. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन लष्कराचे उरलेले ट्रॅक्टर सरकारनं घेतले, १९४७ मध्ये सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन काढली आणि मध्य भारतातल्या कांस माजलेल्या जमिनी मोडायला सुरुवात केली. १९४९ साली जागतिक बँकेनं ह्याच कामाच्या यंत्रांसाठी एक कोटी डॉलर कर्ज दिलं. आमच्या बाजूला कांस नव्हता, कुंदा होता. कुंद्याची मुळी हातभर खोल जाते नि वरून कितीही खुरपा, पावसात पुन्हा तोंड वर काढते. कुंदा काढायला भाड्यानं साखळीचा ट्रॅक्टर आला तो दिवस आबा यात्रेसारखा सांगायचे. बायका पदर तोंडाला लावून बांधावर, पोरं झाडांवर. ढेकळं निघाली ती माणसाच्या कमरेइतकी. (तात्या म्हणायचे, गुडघ्याइतकी. आबांची ढेकळं दर साली वाढत गेली.)

त्या दिवसापासून आबांच्या डोक्यात ट्रॅक्टर बसला. आणि शेजारगावच्या एका मोठ्या बागाईतदारानं कूळकायद्यानंतर पसारा आवरायला काढला, तेव्हा त्याचा वापरलेला फर्ग्युसन आमच्याकडं आला.

दिसायला तो अगदीच लहानखुरा. सरकारी धूड पाहिलेल्या गावाला तो खेळण्यासारखा वाटला. वीस-पंचवीस घोड्यांचा, टनाच्या थोडा वर वजन. इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीला, बॅनर लेनच्या कारखान्यात १९४६ ते ५६ ह्या दहा वर्षांत असे पाच लाखांवर ट्रॅक्टर निघाले, सगळे ह्याच राखी रंगाचे. मालकाचं म्हणणं, शेतकऱ्याला रंग नको, काम हवं. मॉडेलचं नाव टीई-२०. आमचा होता रॉकेलवर चालणारा : पेट्रोलवर चालू करायचा, इंजिन तापलं की कळ फिरवून रॉकेलवर घ्यायचा. घरातल्या कंदिलांना आणि ट्रॅक्टरला एकाच डब्यातलं रॉकेल, त्यामुळं तिन्हीसांजेला आजी आणि तात्यांची जुंपायची. आबांचं मत ठरलेलं, "लोखंडाचा बैल हाय, पर वैरण इलायती खातोय."

ह्या लहानखुऱ्यानं काय केलं ते तात्या आम्हा पोरांना अंगणात काडीनं आखून दाखवायचे. त्याच्या आधी नांगर ट्रॅक्टरच्या मागं नुसता अडकवून ओढत. नांगर दगडाला, मुळाला अडला की चाकं फिरतच राहायची, ट्रॅक्टरचं तोंड वर उठायचं आणि अख्खं धूड मागं चालकावर उलटायचं. माणसं मेलीत अशी. हॅरी फर्ग्युसननं नांगर ट्रॅक्टरच्या अंगालाच जोडला, तीन दांड्यांनी. खाली दोन, वर एक. खालचे ओढतात. वरचा मात्र नांगर अडला की पुढं रेटला जातो, त्याच्या बुडाशी असलेली स्प्रिंग दाबतो. स्प्रिंग दबली की तेलाचा पंप जागा होतो नि नांगर केसभर उचलतो. नांगराचं ओझं मागच्या चाकांवर येतं, चाकं घसरत नाहीत; आणि तोच वरचा दांडा तोंड वर उठू देत नाही. टनभराच्या गाडीनं दोन टनांच्या गाडीचं काम केलं ते असं. "म्हंजे," तात्या काडी टाकून म्हणायचे, "बैलाला कळतं तसं ह्याला कळतंय, कुठं वढायचं नि कुठं दमानं घ्यायचं."

ते खरंच होतं. मी स्वतः पाहिलंय. मी तेरा-चौदा वर्षांची असेन, त्या वेळी राखी गाडी जुनी होऊन बहुतेक कुळवणीलाच राहिली होती. पोरींनी ट्रॅक्टरवर चढायचं नाही असा आजीचा दंडक. एकदा दुपारी आजी झोपलेली बघून तात्यांनी मला सीटवर बसवलं आणि स्वतः मागं उभे राहिले. पत्र्याचं ते भोकाभोकांचं सीट उन्हानं तव्यासारखं तापलेलं. उजव्या मांडीशी एक बोटभर जाडीची दांडी. "वढ हळू," तात्या म्हणाले. मी ओढली. मागं आवाज झाला आणि मातीत बसलेला नांगर, बसलेली म्हैस उठावी तसा, आधी मागून आणि मग पुढून, वर आला. फाळांवरून ओली माती सुटून पडली. माझ्या दोन बोटांत. ज्या नांगराला आठ बैल लागायचे तो. त्या क्षणी मला आबांचं कळलं.

घरी परतल्यावर फ्रॉकच्या मागं ग्रीसचा डाग निघाला नि आजीनं मला आणि तात्यांना एकाच दमात झाडलं.

ट्रॅक्टर आला आणि इर्जिक गेलं. एका सालात नाही, पण गेलं. आठ औतांचा स्वयंपाक एका डब्यावर आला : तात्यांच्या दोन भाकरी, शेंगदाण्याची चटणी, ताकाचा तांब्या. आजीला आराम मिळाला असं सगळे म्हणायचे. ती मात्र नांगरटीच्या दिवसांत पहाटे तीनला जागी व्हायची आणि चूल न पेटवता तशीच बसून राहायची, असं आई सांगते. बैलही कमी होत गेले. शेवटची जोडी आबांनी हौसेनं ठेवली, बेंदराला शिंगं रंगवायला कुणीतरी हवं म्हणून. चार गड्यांपैकी दोघांना मुंबईला गिरणीत जावं लागलं. त्यांची नावं मला आठवतात, त्यांच्या पोरांची नाही.

हिवाळ्यात गुऱ्हाळाला मात्र राखी गाडीनं धमाल केली. तिला पट्ट्याची पुली लावायची आणि तिच्यावर चरक चालवायचा. बैल गोल फिरवत बसायला नको. उसाच्या रसाचा वास, चिपाडाचा धूर नि रॉकेलचा भपका ह्यांची जी एक मिसळ व्हायची, ती मला अजून कुठल्याही वासापेक्षा जास्त ओळखीची आहे. काकवीला रॉकेलचा वास येतो, असं आत्या म्हणायची. म्हणायची आणि तीच दोन वाट्या जास्त घ्यायची.

नाना सुट्टीला यायचे ते कॉलेजच्या वाचनालयातून काहीतरी खबर घेऊन. पुण्याला गेल्यापासून ते 'हाय'चं 'आहे' म्हणू लागले होते, 'न्हाई'चं 'नाही'. तात्या त्यांच्या प्रत्येक 'आहे'ला हळूच 'हाय' म्हणून दुरुस्ती करायचे. १९५८ च्या जानेवारीत नानांनी बातमी आणली की एव्हरेस्टवाला हिलरी दक्षिण ध्रुवावर पोचला, तो फर्ग्युसन ट्रॅक्टरवर बसून. बातमी खरी होती. चाकांना पट्टे चढवलेले तेच टीई-२० घेऊन तो ४ जानेवारीला ध्रुवावर गेला. तात्यांनी आठवडाभर गावात कुणाला दुसरं काही बोलू दिलं नाही. आबांनी एकच विचारलं, "तिथं रॉकेल कुठनं मिळालं त्येला?"

हॅरीचा सगळा इतिहासही नानांनीच सांगितला. १९०९ च्या शेवटच्या दिवशी त्यानं स्वतः बांधलेलं विमान उडवलं, आयर्लंडातलं पहिलं. मग नांगराच्या मागं लागला. १९३८ साली अमेरिकेत जाऊन त्यानं हेन्री फोर्डला आपला ट्रॅक्टर चालवून दाखवला, आणि दोघांनी नुसत्या हात मिळवणीवर करार केला. कागद नाही, सही नाही. ट्रॅक्टर फोर्डनं बांधायचा, तीन दांड्यांची युक्ती हॅरीची. १९३९ ला तो बाजारात आला. पण कारभार फोर्डच्या नातवाकडं गेल्यावर १९४७ मध्ये त्यानं हात सोडवून घेतला आणि जवळपास तसलाच ट्रॅक्टर स्वतःच्या नावानं काढला. हॅरी कोर्टात गेला. १९५२ ला तडजोड झाली, फोर्डनं साडेब्याण्णव लाख डॉलर मोजले. ओसरीवर ही गोष्ट संपली तेव्हा आबा पान जुळवत होते. म्हणाले, "आज्यानं दिल्याला शबुद नातवाच्या गळ्यात कसा बसंल? म्हनून पानी पाजून वाटण्या कराव्यात, जित्तेपनी."

त्यांनी मात्र केल्या नाहीत. ते पुढं येतंच.

हॅरी १९५३ मध्ये कॅनडाच्या मॅसी-हॅरिस कंपनीत सामील झाला, थोड्याच दिवसांत बाहेरही पडला. १९५६ ला राखी टीई-२० संपला आणि त्याच्या जागी पस्तीस आला : चाराऐवजी सहा गिअर पुढचे, दोन मागचे, पत्रा राखीच पण इंजिन तांबूस सोनेरी. वर्षा-दीड वर्षात त्याचाही रंग बदलून लाल झाला, आणि नाव मॅसी फर्ग्युसन. मद्रासला १९६० साली टॅफे कंपनी निघाली ती ह्या मॅसी फर्ग्युसनसाठी. आमच्याकडं लाल मॅसी आली ती चौसष्ट की पासष्टला. तीन सिलिंडरचं पर्किन्स जातीचं डिझेल इंजिन, मद्रासच्याच सिम्प्सनचं. रॉकेलचं भांडण एका दिवसात मिटलं. आजीला 'मॅसी' म्हणता येईना. तिनं 'मावशी' केलं. "मावशी आली का रानातनं?" असं ती विचारायची आणि परके पाहुणे दाराकडं बघायचे.

तोवर आमच्या भागाचं रूपच पालटत होतं. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगिळांनी १९५०-५१ च्या हंगामात सहकारी साखर कारखाना चालवून दाखवला होता. साठच्या सुमाराला कृष्णाकाठीही कारखान्यांची धुराडी उभी राहिली. गूळ मागं पडला, गुऱ्हाळ बसलं, मॅसीच्या मागं नांगरापेक्षा ट्रेलरच जास्त दिसू लागला.

मॅसीची एक गोष्ट सांगायची राहील म्हणून आत्ताच सांगते. ११ डिसेंबर १९६७, कोयनेचा भूकंप. पहाटे चारच्या पुढं. आम्ही सगळे अंगणात, पोरं रडतायत, कौलं खाली येतायत. आणि गोठ्याच्या तोंडाशी उभी मॅसी आपसूक दोन हात पुढं आली. तात्या हँडब्रेक लावायला विसरले होते, एवढंच, पण आजीनं हात जोडले नि म्हणाली, "बघा, मावशीसुदीक घराभायेर आली." त्या रात्रीतलं बाकीचं मला तुटक आठवतं, हे एक मात्र लख्ख.

बहात्तरच्या दुष्काळात मॅसीनं टाकीतनं पाणी वाहिलं, कारखान्याकडनं वाढं आणलं. आम्ही मिलोच्या लालसर भाकरी खाल्ल्या. त्या थापताना मोडायच्या, खाताना मोडायच्या नाहीत. गावातली निम्मी माणसं खडी फोडायला होती, पोरं सुकडीच्या रांगेत. आबा त्या उन्हाळ्यात गेले. वाटण्या न करता.

वाटणी झाली पंचाहत्तर साली. जमीन मोजता येते, भांडी मोजता येतात, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या लावता येतात. ट्रॅक्टरचं काय करणार? पंचांनी तात्यांना मॅसी दिली, दादांना तिची निम्मी किंमत, आणि त्यात जुना राखी फर्ग्युसन दादांच्या बाजूला टाकला, वजनाला. नानांनी पुण्याहून येऊन सह्या केल्या नि संध्याकाळच्या एसटीनं परत गेले. त्यांनी काही मागितलं नाही. जाताना त्यांनी राखी गाडीच्या बॉनेटवर हात फिरवला असं माझी चुलत बहीण म्हणते. ती तेव्हा आठ वर्षांची होती, तिच्यावर किती विसंबावं?

दादांनी मग मॅसी घेतली असती तर ते दादा कसले. त्या काळात ट्रॅक्टर स्कूटरसारखाच, नंबर लावून मिळायचा. १९७१ पासून वाटपावर सरकारी नियंत्रण होतं. दादांनी नंबर लावला इंटरनॅशनलला. बी-२७५. त्याचं कूळ निराळं : इंग्लंडातल्या ब्रॅडफर्डचं मॉडेल, महिंद्रांनी इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टासबरोबर कंपनी काढून १९६५ पासून कांदिवलीला बांधलेलं. इंग्लंडात ते अडुसष्टला बंद पडलं, कांदिवलीत चालूच राहिलं. आजही महिंद्राच्या बॉनेटवर '२७५' आकडा दिसतो तो त्याच बापजाद्यांचा. नवी गाडी आली तेव्हा पेढे वाटले गेले, तात्यांच्या दारावरून मात्र ताट तसंच पुढं गेलं. दोन्ही गाड्या लाल. बांधावरून जाताना दोन भाऊ एकमेकांकडं न बघता हॉर्न वाजवायचे, एवढीच बोलचाल.

ऐंशीच्या आसपास आमच्या शिवारात इतक्या जातीचे ट्रॅक्टर झाले की रात्री अंथरुणात पडून आम्ही पोरंपोरी आवाजावरून ओळखायचो. आयशर ओळखायला सगळ्यांत सोपा. त्याच्या एका सिलिंडरचा ठोका लांबूनच कानात पडायचा. फरिदाबादला २४ एप्रिल १९५९ रोजी बाहेर पडलेला हा आयशर भारतात बांधलेला पहिला ट्रॅक्टर. पलीकडच्या मळ्यात पिंजोरचा एचएमटी, मूळ चेक झेटर, पंचवीस घोड्यांचा, आमच्याकडं त्याला कुणी एचएमटी म्हणायचं नाही, झेटरच. स्वराज चौऱ्याहत्तरला आला. त्याचा आराखडा परदेशातनं आणलेला नव्हता, दुर्गापूरच्या सरकारी प्रयोगशाळेत झालेला. ह्या गोष्टीचं दादांना फार कौतुक. घेतला मात्र नाही. आणि वरच्या आळीला एस्कॉर्ट्सचा निळा फोर्ड ३०००.

त्या निळ्या फोर्डकडं बघून तात्या एकदा मला म्हणाले, "हे नि आमची मॅसी भाऊबंद हैत बघ. एकाच राखी बापाची." मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी मागं नेऊन तीन दांडे दाखवले. फोर्डच्या मागं तेच, मॅसीच्या मागं तेच. तेव्हा मला अडतीस सालचा हातात हात आठवला, आणि सत्तेचाळीस सालचा सुटलेला. इंटरनॅशनलच्या मागं गेलो, तिथंही तेच तीन दांडे. हॅरीच्या पेटंटांची मुदत संपल्यावर सगळ्यांनीच ते उचलले होते. "पर तुझ्या बापाला सांगू नगंस," तात्या म्हणाले.

पुढचं भरभर झालं. तात्यांची मॅसी गेली, तिच्या जागी १०३५ आली, तीही त्याच पस्तीसची नात. तात्यांच्या मुलानं नंतर पॉवर स्टिअरिंगवाली घेतली, मग चारी चाकं ओढणारी. तिला बसायला गादी आहे, छत आहे, गाणी आहेत. दोघा भावांची बोलचाल दादांच्या आजारपणात सुरू झाली. तात्या दवाखान्यात रोज डबा घेऊन जायचे. काय बोलायचे? दादांची चोपडी माझ्याकडं आहे. त्या महिन्यांतल्या पानांवर फक्त डिझेलचे भाव आहेत.

राखी फर्ग्युसन कधीच भंगारात गेला. दादांनीच विकला, सत्याहत्तरला. राहिला तो त्याच्याबरोबर आलेला पाना. त्या ट्रॅक्टरचे बहुतेक नट ह्या एका पान्यानं सुटायचे, आणि त्याच्या अंगावर इंचांच्या खुणा आहेत. सऱ्यांमधलं अंतर मोजायला, टाकीत बुडवून तेल किती उरलंय बघायला, सगळ्याला तोच. आमच्याकडं त्याचा उपयोग पुढं आजीनं नारळ फोडायला केला. खंडेनवमीला तो पाटावर असतो, कोयता, खुरपं, पणजोबांच्या नांगराचा झिजलेला फाळ ह्यांच्या रांगेत.

तात्या गेले त्या वर्षी नवमीला नाना पुण्याहून आले होते. पंच्याऐंशी वर्षांचे, कॉलेजातून निवृत्त होऊन पंचवीस वर्षं झालेले, आवाज प्राध्यापकी. पूजा दरवर्षी तात्या करायचे; मुलांनी नानांना पाटावर बसवलं. त्यांनी फाळाला गंध लावलं, कोयत्याला लावलं. पान्याला लावताना थांबले. उपरण्याच्या टोकानं त्याच्यावरची जुनी हळद पुसली, चष्मा कपाळावर सरकवला, आणि पाना डोळ्यांजवळ नेऊन त्यावरच्या उठावाच्या अक्षरांवरून अंगठा फिरवू लागले. लहान पोरं प्रसादासाठी चुळबुळत होती. नानांचा अंगठा एका अक्षराशी गेला, पुढं सरकला, पुन्हा मागं आला.

"एकच हाय," नाना म्हणाले, आणि कुंकवाची कोयरी पुढं ओढली.